ओव्हरटाइम बंद झाला. आता माणसांची उमेद कशी टिकवू?

पत्राचा सारांश : भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर वाहनांचे सुटे भाग जॉबवर्कने करून देतो. सध्या ६२ माणसं आहेत : ३४ कायम, २२ ठेकेदाराची, ६ शिकाऊ. आमच्या मुख्य ग्राहकाचा माल अमेरिकेला जातो. २०२५ मध्ये तिकडे आयात शुल्क वाढलं, तेव्हापासून शेड्यूल, म्हणजे त्यांची ठरलेली मागणी, घटत घटत साठ टक्क्यांवर आलं आहे. तिसरी शिफ्ट बंद झाली, ओव्हरटाइम शून्य. गेल्या महिन्यात ठेकेदाराच्या पाच मुलांना ‘ब्रेक’ दिला. दोन चांगले सेटर (जॉबसाठी मशीन लावून देणारे) चाकणला निघून गेले आणि रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं. मालक म्हणतात, ‘वातावरण पॉझिटिव्ह ठेव. बाजारातलं खाली काही सांगू नकोस, माणसं घाबरतील.’ मी वाढदिवसाला केक आणायला सुरुवात केली, एका वक्त्याचं प्रेरणादायी व्याख्यानही ठेवलं. लोक टाळ्या वाजवतात आणि मागे जाऊन हसतात. काय करू?

---

हसले ते बरंच झालं. हसणारी माणसं अजून तुमच्यात आहेत. काळजी वाटायला हवी ती गप्प झालेल्यांची.

मालकांच्या वाक्यातलं एक गृहीतक आधी तपासू या. ‘सांगितलं नाही तर कळणार नाही’, असं त्यांना वाटतं. पण मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला हे सगळ्यात आधी कळतं. कच्च्या मालाच्या गाडीच्या दोन खेपांची एक खेप झाली, मशीनशेजारचे बिन दुपारीच रिकामे व्हायला लागले, पूर्वी ‘आजच्या आज पाठवा’ म्हणून फोनवर ओरडणारा ग्राहकाचा माणूस आता फोनच करत नाही. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर चाललंय. शिवाय तुमच्याकडच्या जुन्या लोकांनी २००८-०९ ची मंदी, २०१९ मधली वाहनविक्रीची घसरण आणि २०२० ची टाळेबंदी पाहिलेली आहे. मंदी कशी दिसते हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांना ठाऊक नाही ते एवढंच, की मालकांनी काय ठरवलंय. ती जागा तुम्ही मोकळी ठेवलीत, की चहाच्या टपरीवर ती भरली जाते आणि तिथे ठरतं ते नेहमी खऱ्यापेक्षा वाईटच असतं.

दुसरं गृहीतक तुमचं आहे. माणसं उदास आहेत, म्हणून त्यांचा मूड सुधारायला हवा, असं तुम्ही धरून चालला आहात. जरा कागद घ्या आणि एका ऑपरेटरचा हिशेब मांडा. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १६,००० रुपये धरा. २६ दिवसांनी भागलं तर रोज ६१५, आठ तासांनी भागलं तर तासाला ७७. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे तासाला १५४. महिन्याला ३० तास तो जास्त थांबत होता असं समजा : ४,६०० रुपये गेले. त्याने मोटारसायकलचा हप्ता आणि मोशीच्या खोलीचं भाडं पगारावर बसवलेलं नाही, ओव्हरटाइमवर बसवलंय. तुमच्या रजिस्टरमध्ये कुणाचाही पगार कापलेला दिसत नाही, पण त्याच्या घरात जवळजवळ चौथा हिस्सा कमी आलाय आणि त्याबद्दल कंपनीतलं कुणी एक अक्षर बोललेलं नाही. तिथे केक कापला तर हसतीलच.

म्हणून माझं मत असं, की वातावरण आनंदी ठेवण्याचा नाद सोडा. ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात अनिश्चितता कमी करणं आहे, आणि उरलेला तोटा सगळ्यांत उघडपणे, बरोबर वाटणं आहे.

आधी मालकांशी बसा

खाली काही बोलायच्या आधी वरचा आकडा पक्का हवा. एका पानावर चार ओळी : पगार, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) मिळून महिन्याचा खर्च, वीज, बँकेचे हप्ते, भाडं आणि बाकीचं. त्यासमोर सध्याच्या शेड्यूलवर महिन्याला होणारं बिलिंग. समजा खर्च २० लाख आणि बिलिंग १७ लाख. तर खड्डा तीन लाखांचा. खात्यातली शिल्लक आणि येत्या ४५ दिवसांत नक्की येणारी रक्कम मिळवा, तिला या तीन लाखांनी भागा. जे महिने येतील तेवढा तुमच्याकडे वेळ आहे. बहुतेक लहान कारखान्यांत मालकाच्या डोक्यात हा हिशेब धूसर असतो, म्हणून त्यांचं धोरणही धूसर असतं. ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे वाक्य मनोधैर्य जितकं पोखरतं तितकं वाईट बातमीही पोखरत नाही.

खड्डा कुठून भरायचा, यातही क्रम महत्त्वाचा आहे. पहिली कात्री मालकांच्या घरखर्चाच्या उचलीला आणि तुमच्यासारख्यांच्या पगाराला लागली पाहिजे, आणि ती लागली हे खाली कळलं पाहिजे. दुसरी जागा वीजबिल. तिसरी शिफ्ट बंद करून मशीनं कमी चालत असतील तर महावितरणकडे कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारातली विजेची मागणी, कमी करून मागा. न वापरलेल्या मागणीचा आकार तुम्ही दर महिन्याला उगाच भरत असाल. तिसरी जागा थकलेली बिलं. उद्यम (लघुउद्योग म्हणून सरकारी) नोंदणी असेल तर ग्राहकाने लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. एकुलत्या एक मोठ्या ग्राहकाविरुद्ध थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करायला कुणी धजावत नाही, हे मलाही कळतं. पण दोन मार्ग भांडण न करता चालतात. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं मुदतीबाहेरचं देणं त्या वर्षी वजावटीला धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला एक साधं स्मरणपत्रही पुरतं. आणि २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर नोंदणी सक्तीची आहे. त्या मंचावर ग्राहकाने बिल मान्य केलं की बँक तुम्हाला काही दिवसांत पैसे देते, वसुलीसाठी तुमच्या मागे लागत नाही.

मनोधैर्याच्या सदरात बिलांची वसुली कशाला, असं वाटेल. कारण पगाराची तारीख तिच्यावर उभी आहे, आणि पगाराच्या तारखेइतकं बोलकं दुसरं काहीच नाही. कायद्याने पगार ७ तारखेच्या आत व्हायला हवा. तुमचा पूर्वी ५ तारखेला होत असेल आणि आता ७ ला होणार असेल, तर २५ तारखेलाच तसं सांगा. पीएफही १५ तारखेपर्यंत भरला गेलाच पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत एकाने मोबाइलवर पासबुक उघडलं आणि गेल्या महिन्याची रक्कम दिसली नाही, की अर्ध्या तासात अख्ख्या प्लँटला कळतं. कापून घेतलेले पैसे भरलेच नाहीत, हा संशय एकदा बसला तर तुमचं पुढचं कोणतंही बोलणं कुणी खरं मानणार नाही. पीएफचं भरलेलं चलन टाइम ऑफिसजवळच्या फलकावर लावा, फुकट काम आहे.

मग खाली बोला

आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, मशीन थांबवून, शिफ्ट बदलताना. दोन्ही शिफ्टना एकाच वेळी एकाच तोंडून ऐकू गेलं पाहिजे. सुपरवायझरमार्फत निरोप पाठवलात तर दोन वेगळ्या बातम्या तयार होतात. ठेकेदाराची मुलंही त्याच घोळक्यात उभी राहू द्या. तुमच्याकडे सुट्टी गुरुवारची असेल, तर बैठक बुधवारी ठेवू नका. वाईट बातमी घेऊन माणूस घरी जातो, दिवसभर विचारायला कुणी नसतं, आणि शुक्रवारी तो वेगळीच कहाणी घेऊन येतो. शुक्रवार उत्तम.

काय सांगायचं? हातात किती दिवसांची ऑर्डर आहे. गेल्या आठवड्यात काय आलं, काय गेलं. पगार कोणत्या तारखेला. काय ठरलंय. आणि काय अजून ठरलेलं नाही, पण कोणत्या तारखेला ठरेल. हे शेवटचं सगळे विसरतात. ‘शिफ्टचं अजून ठरलं नाही’ हे अर्धवट वाक्य आहे. ‘ग्राहकाचं पुढचं शेड्यूल २० तारखेला येतं, शिफ्टचं २२ ला सांगतो’ हे पूर्ण. मग २२ ला काही ठरलेलं नसलं तरी उभं राहून तेवढंच सांगायचं. तारीख चुकवायची नाही.

काय सांगायचं नाही, तेही ऐका. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ म्हणू नका; गेल्या महिन्यात त्याच कुटुंबातल्या पाच जणांना ब्रेक दिलाय. ‘कुणालाही काढणार नाही’ असंही म्हणू नका, वरच्या हिशेबातून ते निघत नसेल तर. त्याऐवजी मुदतीचं आश्वासन द्या : ‘अमुक तारखेपर्यंत कायम कामगारांतलं कुणी कमी होणार नाही, त्याच्या पंधरा दिवस आधी पुढचं सांगू.’ लहान पण पाळता येणारं आश्वासन मोठ्या आणि पोकळ आश्वासनापेक्षा माणसाला झोप देतं.

आणि कुणी एकटं गाठून विचारेल, ‘साहेब, माझं राहील ना?’ तुम्हाला यादी माहीत असेल आणि त्यात त्याचं नाव असेल, तर ‘अरे काळजी करू नकोस’ हे तोंडातून जाऊ देऊ नका. ‘कोणाचं राहील हे मी आज एकट्याला सांगू शकत नाही. १० तारखेला सगळ्यांना एकदम कळेल, आणि मीच सांगेन.’ एवढंच. त्या दिवसापुरता तो चिडेल. खोटं बोललात तर कायमचा तुटेल, आणि त्याचं पाहून बाकीचेही.

काम कमी असेल तर दिवस वाटून घ्या

मालकांचा पुढचा विचार बहुधा काही जणांना घरी बसवण्याचा असेल. तेच ते दहा जण घरी बसवण्याऐवजी फिरती यादी करा : प्रत्येकाला महिन्यातून चार दिवस, पंधरा दिवस आधी फलकावर लावून. ले-ऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवलेल्या, दिवशी बेसिक आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाईची तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. वरच्याच ऑपरेटरला चार दिवसांचे १,२३० रुपये कमी पडतील. ओव्हरटाइममध्ये गेले त्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा. हे असं आकड्यात समोर ठेवलंत तर बरेच जण स्वतःहून मान्य करतील, कारण त्यांच्या डोक्यातलं भूत याहून मोठं असतं.

एक सावधगिरी. ही तरतूद ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागते. ‘आपले कायम ३४ च आहेत, म्हणजे काहीच द्यायला नको’ असा सल्ला मालकांना कुणीतरी देईल. कलम लागत नाही म्हणून बिनपगारी घरी बसवण्याचा हक्क मिळत नाही. नियुक्तीपत्रात किंवा स्थायी आदेशांत ले-ऑफचा अधिकारच नसेल तर पूर्ण पगाराचा दावा उभा राहू शकतो. कामगार सल्लागाराकडून तुमच्या कागदपत्रांवरून लेखी मत घ्या, मगच यादी लावा. आणि यादीत ऑफिसची माणसंही हवीत. तुमचं स्वतःचं नाव पहिल्या आठवड्यात घाला.

जे दिवस माणसं आत आहेत आणि मशीन मोकळं आहे, त्या वेळेचं काय? झाडू मारायला लावणं आणि पुन्हा पुन्हा पिवळे पट्टे रंगवणं ही कामं चौथ्या दिवशी अपमान वाटायला लागतात. त्याऐवजी एरवी वेळ मिळत नाही अशी खरी कामं काढा. कूलंटच्या टाक्या पूर्ण उपसून साफ करणं, स्लाइडवेची वंगणं आणि कव्हरं तपासणं, गेज कॅलिब्रेशनला पाठवणं, सेटिंगला सर्वाधिक वेळ खाणाऱ्या दोन जॉबची मांडणी सुधारणं. आणि सगळ्यांत मोलाचं, शिकवणं. भिंतीवर एक तक्ता लावा : आडव्या ओळीत मशीनं, उभ्या ओळीत नावं, आणि चौकोनात चार पायऱ्या; पाहिलंय, मदतीने करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. दोन सेटर गेलेत ना? मग दोन ऑपरेटरांना सेटिंगवर घ्या, हेल्परला ऑपरेटर करा. शिकलं की पगारात किती पडेल आणि कधीपासून, तेही तक्त्याखाली लिहा. ‘बघू’ लिहू नका. ‘शिकून चाकणला जातील’ ही भीती मालक बोलून दाखवतीलच. काही जण जातील. पण न शिकवता ठेवलेला चांगला माणूस याच काळात आधी जातो, हे तुम्ही पाहताच आहात.

जाणाऱ्या सेटरला थांबवायला गुपचूप दोन हजार वाढवून देऊ नका. संध्याकाळच्या चहाला ते सगळ्यांना कळलेलं असतं.

रिजेक्शनबद्दल थोडं. उमेद गेली म्हणून हात चुकतात, हे खरं आहेच, पण तेवढंच कारण धरू नका. खर्च वाचवा म्हटलं की ऑपरेटर झिजलेला इन्सर्ट (धातू कापणारं टोक) आणखी पन्नास जॉब ओढतो, लॉट लहान झाल्याने सेटिंग वाढतात, आणि प्रत्येक सेटिंगला पहिले दोन-चार जॉब जातातच. त्यात नवा सेटर. तेव्हा रागावण्याआधी रिजेक्शन कोणत्या जॉबवर, सेटिंगनंतर किती वेळात, हे आठवडाभर लिहून काढा. निम्मा दोष तुमच्या नियोजनात सापडेल, आणि तो तसा सापडला हे शुक्रवारी सांगितलंत तर तुमचं वजन वाढेल.

कुठे कात्री लावू नये

चहा. हे मी मुद्दाम आधी लिहितोय, कारण प्रत्येक मंदीत पहिली गदा त्यावर येते. दुपारचा दुसरा चहा बंद केला तर ६२ माणसं, आठ रुपये, २६ दिवस : सुमारे १३,००० रुपये वाचतात. तीन लाखांच्या खड्ड्यात १३,०००. एक लॉट परत आला तर यापेक्षा जास्त जातात. हातमोजे, साबण, सेफ्टी शूज यांचंही तेच, आणि तिथे तर बोट जाण्याचा प्रश्न आहे.

खंडेनवमीची मशीनची पूजा ठेवा. भेटवस्तू नसल्या तरी चालेल, पूजा आणि पेढा हवाच. बोनसचं मात्र वेळेत सांगा. पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के कायद्यानेच द्यावा लागतो. त्यावर मालकांची मर्जी चालत नाही. पण गेल्या वर्षी १५ टक्के दिला असेल आणि यंदा किमानच देणार असाल, तर ते गणपतीच्या सुमारास कळू द्या. बोनस गृहीत धरून माणसं खरेदी करतात, गावाकडे शब्द देतात, लग्नाचं ठरवतात. धनत्रयोदशीला पाकीट उघडल्यावर कळलेला कमी आकडा पुढच्या दिवाळीपर्यंत विसरला जात नाही.

उचल मागणाऱ्यांची संख्या वाढेल. त्यासाठी नियम करा आणि तो सगळ्यांना एकच ठेवा : झालेल्या दिवसांच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत, तीन हप्त्यांत वसुली, एका वेळी एकच. नियम नसला की ज्याची तुमच्याशी ओळख त्याला मिळते, आणि बाकीचे मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडे वळतात. त्या फासात अडकलेला माणूस ओळखू येतो : फोन वाजला की बाहेर पळतो, जेवायला एकटा बसतो, न सांगता दांड्या मारतो. त्याला ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगू नका. बाजूला घेऊन कर्ज किती, कुणाचं, एवढं विचारा. मन फारच खचलेलं दिसलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. तो नंबर फलकावर लावून ठेवा; ज्याला हवा तो कुणाला न विचारता टिपून घेईल. आणि तुमची स्वतःची झोप उडाली असेल तर तुम्हीही तिथे फोन करा. दोन्हीकडून दाब तुमच्यावरच येतोय.

आणि ते पाच जण

तुमच्या पत्रात हे एका ओळीत येऊन जातं, पण शॉपमधलं वातावरण त्या दिवशी बदललं असणार. ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी आला, ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाला, आणि पंचिंग मशीनवरून नावं गेली. असंच झालं असेल, तर ते सगळं कायम कामगारांनीही पाहिलंय. कसं काढलं यावरून उरलेले लोक स्वतःचं भविष्य वाचतात.

झालेलं थोडं निस्तरता येईल. त्या पाच जणांचा संपूर्ण हिशेब मिळाला का, हे ठेकेदाराला आजच विचारा. नव्या वेतन संहितेप्रमाणे कामावरून कमी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत देणी चुकती व्हायला हवीत, आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. तुमच्या लेटरहेडवर कोणत्या मशीनवर किती महिने काम केलं, याचा दाखला द्या. नुसत्या ‘हेल्पर’ शब्दापेक्षा ‘व्हीएमसीवर लोडिंग आणि तपासणी’ लिहिलेलं त्यांना दुसरीकडे उपयोगी पडतं. ओळखीच्या दोन-तीन शॉपमध्ये फोन करा. आणि हे केलंत, हे शुक्रवारी सांगा.

पुढे कुणाला कमी करायची वेळ आलीच, तर निदान पंधरा दिवस आधी, तुम्ही स्वतः, बसवून सांगा. कायम कामगारांच्या बाबतीत एक महिन्याची नोटीस, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार आणि त्या-त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी, हा क्रम पाळावा लागतो. ज्येष्ठता यादी आधी लावा, म्हणजे ‘साहेबांच्या मर्जीतले राहिले’ असं कुणी म्हणणार नाही. उरलेल्यांत त्यांचं काम कसं वाटणार, तेही त्याच दिवशी स्पष्ट करा.

एक वही करा. कमी केलेल्या प्रत्येकाचं नाव, मशीन, काय येतं, कुठून आला, फोन नंबर. ऑर्डर परत आली की नवी माणसं शोधण्याआधी या वहीतून बोलावायचं. कायम कामगारांना तर कायद्यानेच तो अग्रक्रम आहे, ठेकेदाराच्या मुलांनाही तुम्ही देऊ शकता. त्या पाच जणांची नावं पहिल्या पानावर घाला. मुलांचे मोबाइल नंबर बदलतात, तेव्हा गावाकडच्या एखाद्या माणसाचाही नंबर लिहून घ्या.